पंख मिटायला जागा

भाऊजींनी पेनाचं टोपण काढलं आणि वहिनी म्हणाली, "सहीच्या आधी एकदा मागचा जिना उतरून बघू या."

हॉटेलच्या मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. याच तारखांसाठी दुसरी पार्टी टपून बसली आहे, संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर हॉल त्यांचा, हे त्याने हसतमुखाने दोनदा ऐकवलं होतं.

"अहो वहिनी, लिफ्ट आहेत की ढीगभर!"

"आग लागली की लिफ्ट बंद होतात, भाऊजी."

"शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. उडत्या योद्ध्यांच्या एका मालिकेपायी पोरवयातच खुळावलेला, आणि आता त्या मालिकेच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष. यंदाच्या संमेलनाला तीन हजार माणसं यायची होती. तारीख जाहीर झाली होती, तिकिटं संपली होती, आणि हॉटेलं बघून बघून सगळ्यांचे पाय मोडले होते. कुठे हॉल लहान, कुठे खोल्या कमी. हे शेवटचं. हेही हातचं गेलं तर संमेलन बुडालंच. वहिनीने मालिकेचे चार भागही धड पाहिले नव्हते, पण बाळ झाल्यापासून कुठेही गेली की ती आधी संडास आणि मग बाहेर पडायचं दार शोधायची. म्हणून जागा बघायचं काम मंडळाने तिच्या गळ्यात घातलं होतं.

बाळ आत्ताही तिच्या छातीशी झोळीत झोपलं होतं, ओठ अर्धवट उघडे.

"चला तर," भाऊजी म्हणाले. "पण उतरायचं तर थाटात!" त्यांनी पंख चढवले. वेताच्या कांबी, त्यांवर ताणलेलं तांबूस कापड. पसरले की खोली भरून जायची. ते मिटायची दोरी पाठीमागे असायची, म्हणून प्रत्येक पंखवाल्यामागे ती ओढणारा एक जण लागे. मंडळात त्याला 'शेपूट' म्हणत. आज शेपूट व्हायचं वहिनीकडे आलं.

तिने दोरी ओढली, पंख मिटले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलच्या मागच्या दारातून भाऊजी ऐटीत जिन्यात शिरले. दाराची रुंदी तिने स्वतः टेप लावून मोजली होती. तिच्यामागे मंडळाची दहा-बारा माणसं. शेवटच्याच्या पाठीमागे दार धाडकन मिटलं.

जिना अरुंद होता. दोघं शेजारी मावत नव्हती, आणि वळणावर भाऊजींनी अंग फिरवलं तशी तिच्या हातातली दोरी सुटली. पंख फाडकन उघडले. एक कांब कठड्यात गेली, दुसरी भिंतीत रुतली.

"वहिनी, ओढा!"

ती हात लांबवायला गेली, तोच मागच्याचं पोट तिच्या पाठीला लागलं.

"काय झालं पुढे?"

"अध्यक्ष अडकले! द्या ढकलून!"

"हुकूम!" हसत हसत रेटा आला. वरच्यांना खालचं दिसत नव्हतं. वहिनीच्या गालाला भिंतीचा गार चुना लागला. तिने दोन्ही कोपरं भिंतीला टेकवून बाळापुरती पोकळी केली. दुसरा रेटा आला. कोपरं घसरली. बाळ जागं झालं, पण रडलं नाही. श्वास अडकल्यासारखं नुसतं तोंड उघडून राहिलं.

"मागे व्हा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. "बाळ चेंगरतंय! सगळ्यात वरचे आधी चढा!"

हसणं तुटलं. वरून कोणीतरी म्हणालं, "दार बाहेरून बंद झालंय. उघडत नाही."

"मग दाराला चिकटा! वर सरकत एकेक पायरी मोकळी करा!"

पावलं वर सरकली. पाठीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी बाळाने टाहो फोडला. इतकं गोड रडणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. रडणाऱ्या बाळाला एका हाताने थोपटत तिने दुसऱ्या हाताने दोरी शोधून ओढली.

खाली अंगणात आल्यावर भाऊजी पायरीवर पंख उतरवून बसले. मॅनेजर कागद घेऊन धावत आला.

"फार तर पंखांना बंदी घाला," तो म्हणाला. "सोपं आहे."

भाऊजींनी वर पाहिलं. तेवढ्यावर भागतंय, असं क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आलं, ते वहिनीने पाहिलं.

"पंख माझे एकट्याचे होते," ते सावकाश म्हणाले. "रेटणारे बिनपंखांचेच होते. तेही आपलेच, चेष्टेत. तीन हजार माणसं घाबरून निघाली तर? नको. द्या हॉल त्या दुसऱ्या पार्टीला."

"अरे, तारीख जाहीर झालीय!" खजिनदार कळवळला. "लोक तुला फाडून खातील."

"खाऊ देत. खायला सगळे शाबूत असले म्हणजे झालं."

मॅनेजर कागद गुंडाळून आत गेला. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने बाळाला पदराखाली घेतलं. बाळाच्या कपाळावर झोळीच्या बक्कलचा लाल वळ उठला होता. त्यावर ती अंगठा फिरवत राहिली.

भाऊजींनी मोबाईल काढला. मंडळाच्या पानावर एक ओळ लिहिली आणि खोडली.

"वहिनी, लोकांना काय लिहू? संमेलन पुढे ढकललं म्हणून?"

"ढकललं नका लिहू," ती म्हणाली. "जिन्यात काय झालं ते लिहा."