बिबड्यांचा वास

लोटनची दारूभट्टी मोडायची, हे वच्छलाबाईनं त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मनावर घेतलं. पाचोऱ्याजवळच्या त्या गावात बायांनी असलं काही उघड बोलायची सोय नव्हती. नवऱ्यांना कुणकुण लागली असती तर पाठीचं सालटं निघालं असतं. म्हणून खूण ठरली बिबड्यांची. नळावर एकीनं मोठ्यानं म्हणायचं, "सकाय मना घर बिबडा शेतस," की पहाटे साऱ्या जणी वाळवणाची लुगडी घेऊन तिच्या अंगणात जमायच्या आणि तिथून थेट नाल्यावरच्या भट्टीकडे. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ते करायला तशीही अख्खी गल्ली एकत्र येते. कोणाला काय कळणार?

पण दोनदा गेल्या आणि दोनदा नाल्यावर नुसती गार राख.

म्हणजे कोणीतरी फुटलं होतं. वच्छलाबाईचा संशय गेला शेजारच्या खातूनवर. खातूनचा नवरा कादर पत्र्याचे डबे झाळायचा आणि दारूच्या डब्यांसाठी लोटन त्याचं मोठं गिऱ्हाईक. शिवाय कादर स्वतः पिणारा. एवढ्यावर वच्छलाबाईचं भागलं. नळावर साऱ्यांदेखत ती म्हणाली, "खातून, तू आते आमनासंगे येवू नको. तूच लोटनले सांगस."

खातूनची घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलून ती निघून गेली. एकीनंही तिला अडवलं नाही. लाज वाटावी अशीच गोष्ट होती ती.

तिसऱ्यांदा खातून नळावर नसताना खूण देऊन गेल्या. पुन्हा राख! आता मात्र वच्छलाबाईची झोप उडाली. नळावर गल्लीतली कमलबाई उगाच का हसली? जाऊ नेमकी पहाटेच का खोकली? सख्ख्या जावेकडेही ती चोराकडे बघावं तशी बघायला लागली.

मग एका सकाळी लोटननंच तिला पारावरून हाक मारली.

"अक्का, एखादा बिबडा धाडा ना मना घर! तीन दाव करात, पन गल्लीमा वासबी नही उना!"

पारावरचे बाप्ये खो खो हसले.

घरी येऊन वच्छलाबाई कपाळाला हात लावून बसली. बिबड्यांची ज्वारी तीन दिवस पाण्यात आंबते, तो आंबट वास चार घरं ओलांडून जातो. आणि इथं एकीनंही मूठभर ज्वारी भिजवली नव्हती. कोणी फुटलंच नव्हतं. लोटनला नाक होतं, एवढंच.

तिनं लगेच पातेलंभर ज्वारी भिजत घातली. तिसऱ्या दिवशी गल्लीत वास सुटला, तेव्हा ती खातूनच्या दारी गेली आणि उंबऱ्यातच थबकली. आतूनही तोच वास येत होता.

"लोटननं बोलनं मीबी आयकं," खातून म्हणाली. "एकच घरना वास उना ते त्याले परत संशय येई."

"खातून, मनं चुकनं."

"तुना करता नही भिजाडी. मना घरमाबी दारूच शे."

तिच्या मनगटावरचा काळानिळा वळ वच्छलाबाईला तेव्हा दिसला. इतके दिवस शेजारी राहून दिसला नव्हता.

नळावर पुन्हा बिबड्यांची हाक गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टी पेटलेली सापडली. बायांनी मडकी फोडली. कादरनं झाळलेले डबे खातूननं स्वतः दगडानं ठेचले. लोटनला गाव सोडावं लागलं. पुढच्या ग्रामसभेत गावातल्या बाया पहिल्यांदाच बाप्यांच्या समोर सतरंजीवर बसल्या.

वच्छलाबाईनं आपल्या शेजारी पदर पसरून जागा धरून ठेवली होती. खातून आली, तिनं ती जागा पाहिली आणि पलीकडे कमलबाईजवळ जाऊन बसली.