मंगसरूचा श्वास

मणिमहेशच्या डोंगरावर यात्रेला जायचं तर काठी, घोंगडी आणि सत्तू लागतो. कौलाच्या यादीत चौथी बाब होती: मंगसरूचा श्वास.

मंगसरू वरच्या घरातला तिचा थोरला चुलत दीर. ऐंशी उलटलेली, छातीत घरघर. तो गेला की भावकीला सुतक, आणि सुतकात देवाचा डोंगर चढायचा नाही. मुलगा रत्तन मेंढरांसकट बर्फात अडकला, तेव्हा कौलानं मणिमहेशच्या तळ्यात बुडी मारायचा नवस बोलला होता. रत्तन आला, नवस राहिला. पहिल्या वर्षी चुलतसासू गेली, दुसऱ्या वर्षी ऐन यात्रेत पुतण्याला मुलगी झाली, सोयर आलं. आता गुडघे म्हणत होते, बाई, पुढच्या वर्षी आम्हाला धरू नकोस.

राधाष्टमीचं स्नान पाच दिवसांवर आलं. दिराला जन्मात वाटीभर ताक न देणारी कौला रोज काढा घेऊन वर जायची, पाठीला तूप चोळायची.

"कौला," मंगसरू म्हणाला, "मी म्हातारा झालोय, खुळा नाही. काळजी माझी की सुतकाची?"

"काहीतरीच काय, भाऊजी!"

"मग मी खोकलो की दारात येऊन कान का देतेस?"

कौला ओशाळली.

"उद्या गावावरच्या डोंगरात भरमाणीमातेच्या कुंडात अंघोळ कर. त्याशिवाय महादेव यात्रा मानत नाही. अंघोळ झाली की यात्रा लागली. निघालेल्याला मागचं सुतक गाठत नाही, आमचे आजोबा मला सांगायचे."

"आणि पुजारी नाही म्हणाला तर?"

"म्हणावं, वर गेलो की आजोबांनाच विचारून कळवतो."

दुसऱ्या दिवशी ती कुंडात न्हाऊन उतरू लागली. देवदार विरळ झाले, खाली गाव दिसलं. सगळ्या छपरांवर धूर होता, वरच्या घरावर नव्हता.

खाली रस्त्यावर रत्तन यात्रेच्या जीपपाशी थांबलेला. निघालेल्याला सुतक गाठत नाही, पण मागे वळलेल्याला? पाहिलं नाही, ऐकलं नाही, तर सुतक कुठलं? ती तीन पावलं रस्त्याकडे गेली. मग स्वतःलाच एक शिवी हासडून वरच्या घराकडे वळली.

चूल गार. मंगसरू भिंतीकडे तोंड करून पडलेला. तिनं पायाला हात लावला, तोही गार.

"गेला माझा नवस!" ती मटकन बसली, आणि तोंडातून आधी काय निघालं हे कळल्यावर तिला खरंच रडू फुटलं.

"लाकडं संपलीत," घोंगडीतून आवाज आला. "रडणं नंतर. आधी चूल पेटव."

शेजारून मोळी आणून तिनं चूल पेटवली आणि धावत रस्ता गाठला. रत्तनच्या हातातून काठी, गाठोडं घेतलं.

"तू वर जा. काकांची चूल विझता कामा नये."

"अगं आई, नवस माझ्यासाठी ना?"

"म्हणूनच. जा!"

तिला घेऊन जीप पहिल्या वळणाआड गेली, तेव्हा कौलाला आठवलं: मंगसरूचे आजोबा त्याच्या जन्माआधीच वारले होते.

तिनं काठी घट्ट धरली, डोळे मिटले आणि महादेवाऐवजी मंगसरूचा जप सुरू केला.