माहेरी निघालेली सीट

मी एक सीट बोलतेय. मोटरसायकलची, आणि तीही दोघांची! दुकानातल्या सीटा असतात तशी मी गुळगुळीत नाही, मान्य. माझे टाके लांबूनही दिसतात आणि डावीकडून मी जराशी फुगलेली आहे. पण नाक मुरडायच्या आधी माझी कथा तर ऐका.

आमची मोटरसायकल ताबिल्दीची. सोव्हिएत काळातली म्हातारी, खोकत खोकत चढ चढते. तिच्यावर एकट्यापुरती सीट होती आणि मागे सामानाची लोखंडी जाळी. मेंढ्यांमागे फिरायला ताबिल्दीला तेवढी पुरे होती. पण थोरल्या मुलाच्या कॉलेजसाठी घोडा विकला आणि ताबिल्दीची बायको शारिपा घरात अडकली. तिचं माहेर खिंडीच्या वर, नदीच्याही पलीकडे. तिथे बस जात नाही आणि भाड्याची गाडी परवडत नाही.

वसंत लागला तसा तिच्या वडिलांचा, बायझाकबाबांचा निरोप आला. "डोळे गेले पोरी. कान शाबूत आहेत तोवर येऊन जा."

"चल, जाळीवर घोंगडी टाकतो," ताबिल्दी म्हणाला.

"अहो, मी काय पिठाचं पोतं आहे?" शारिपा कडाडली. "अशी माहेरच्या दारात उतरले तर बाबांना वाटेल, पोरीचे हालच चाललेत. आधीच त्यांनी तुम्हाला मनापासून कुठे पत्करलंय!"

ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून बायझाकबाबा जावयाशी हवापाण्यापलीकडे बोललेच नव्हते. म्हातारा जाण्याआधी लेक सुखात आहे अशी त्याची खात्री पटायला हवी, एवढंच शारिपाच्या मनात होतं.

तालुक्याच्या दुकानात नव्या सीटची किंमत ऐकून ताबिल्दी दुकानदाराचे आभार मानून घरी आला. मग माझी जमवाजमव सुरू झाली. मोडक्या पलंगाच्या फळ्या आल्या. भंगारातल्या बसच्या ड्रायव्हरची सीट फाडून स्पंज आला. वरून ताबिल्दीच्या जुन्या कातडी कोटाची पाठ, कारण कोटाच्या बाह्या फाटल्या होत्या पण पाठ धडधाकट होती. आणि फळीखाली लोकरीचा जाड नमदा. तो करायला आळीतल्या बायका जमल्या. त्यांनी लोकर झोडपली, गरम पाणी ओतलं, गुंडाळी केली आणि लाथा मारत ती अंगणभर लोळवली. त्या लाथा खाताना मी एकेकीच्या सासूबद्दल इतकं ऐकलं की सांगायची सोय नाही.

ताबिल्दीचा जन्म घोड्यांच्या पाठी जपण्यात गेलेला. त्यानं बिचाऱ्यानं खोगीरच केलं की! दोन फळ्या ठोकल्या आणि मधोमध चार बोटं फट ठेवली.

"ही कशाला?" शेजाऱ्यानं विचारलं.

"कण्याला वारा लागायला नको? पाठ सोलवटते."

शेजाऱ्यानं मान डोलावली, शारिपानंही डोलावली. मोटरसायकलला कणा कुठला, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

निघालो. शारिपानं नवा घागरा घातला होता, मांडीवर बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची पिशवी. खिंडीतल्या दगडांवरूनही ती गाणं गुणगुणत होती. मग नदी आली. मागचं मडगार्ड केव्हाच गंजून गळालेलं. चाकानं उडवलेलं पाणी थेट फटीतून वर! मी पाणी प्यायले, नमदा पाणी प्याला, आणि उरलेलं शारिपाच्या घागऱ्यात गेलं. माहेरच्या अंगणात शिरलो तेव्हा मला भिजलेल्या मेंढीचा असा वास येत होता की त्यांचा धनगरी कुत्रा येऊन माझ्या राखणीलाच बसला.

"अगंबाई वन्सं," झिबेकवहिनी ओरडली, "मोटरसायकलवरून आलात की पोहत?"

शारिपाचं तोंड उतरलं. ताबिल्दीला तर कुठे बघावं ते कळेना.

बायझाकबाबा काठी टेकत बाहेर आले. लेकीचा चेहरा चाचपला, खांदे चाचपले, मग ओला घागरा हाताला लागला.

"कशावर बसवून आणलीय माझी पोर? दाखवा मला."

त्यांचा खरखरीत हात माझ्या पोटाखालून फिरला आणि फटीशी थांबला. "जावईबापू, हे काय?"

"पाठीला वारा लागावा म्हणून, बाबा."

"मोटरसायकलला घाम येतो?"

अख्खं अंगण हसलं. हसू मलाही आलं, पण ताबिल्दीचे कान लाल झालेले पाहून वाईटही वाटलं. बाबांचा हात मात्र थांबला नाही. त्यांनी माझा मागचा भाग दाबला. मग पुढचा. पुन्हा मागचा, पुन्हा पुढचा.

"पुढे स्पंज नाही."

"पुरला नाही, बाबा."

हे शारिपालाही ठाऊक नव्हतं. स्पंज एकाचपुरता होता. तो सगळा तिच्या जागी गेला होता आणि पुढे फळीवर नुसतं कातडं होतं.

"खिंडीतून फळीवर बसून आलास?"

"चालतं हो, सवय आहे."

म्हाताऱ्यानं काठी झिबेकच्या हातात दिली आणि जावयाचा दंड धरला. त्या घरात जावई आजवर दाराजवळच बसत आला होता. बाबा त्याला समोरच्या मानाच्या जागेपर्यंत घेऊन गेले. "इथे, माझ्याजवळ बस. आणि गादी आणा रे कुणीतरी. दोन आणा!"

आता माझी फट जुन्या ट्यूबच्या रबरानं बुजवली आहे. निघताना शारिपाला माहेरची ठिगळांची रंगीत गादी मिळाली. अशी गादी पाहुण्यांसाठी जपून ठेवतात. तिनं तिथेच तिची घडी घालून माझ्या पुढच्या अर्ध्या अंगावर बांधली.

"अगं, पाहुण्यांची ना ती?" ताबिल्दी म्हणाला.

"बसा म्हणते ना!"

तो बसला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! तुम्ही कधी दोघांसाठी सीट केलीत आणि स्पंज कमी पडला, तर खुशाल तो सगळा बायकोला द्या, पण तिच्यापासून लपवू नका. चला, दोघं आलीच. मला निघायला हवं.