करवंटीतली राख

महादेवआबांनी स्नेहलच्या हाती थुंकीच्या तपासणीची बाटली दिली ती अगदी निर्मळ. दोनदा चुळा भरून, तोंड खळबळून, वरवरचं पाणी तेवढं तिच्यात सोडलं होतं. नात पनवेलच्या लॅबमध्ये कामाला. तिच्या हातात घाण कशी द्यायची?

संध्याकाळी ती हसतच घरात शिरली. "आबा, ही नुसती लाळ! लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या, तुझे आजोबा फारच सभ्य दिसतात. तपासायला छातीतला कफ लागतो. तीन आठवडे खोकताय तुम्ही."

"बेडका काय बघायचा? टाकायचा असतो तो."

"आजी नव्हती बघत?"

कमळाबाई बघायची. मिठागराच्या दिवसांत त्यांच्या खाटेखाली राख घातलेली करवंटी असे. सकाळी ती उचलून कमळाबाई अंगणातल्या उन्हात धरायची. पांढरं दिसलं तर मुकाट भाकरी बांधून द्यायची. पिवळं, चिकट दिसलं की अडुळशाचा काढा चुलीवर चढायचा. "आज मिठागरावर नाय जायाचा. मुकादमाला मी सांगतंय." आबा वरवर चिडायचे. पण आपल्या छातीतलं आपल्याआधी हिला कळतं, याचं मनातून भारी सुख वाटायचं.

ती गेली, मिठागर गेलं, विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये पांढरंशुभ्र बेसिन आलं. आबा नळ सोडून, डोळे मिटून थुंकायचे. पंधरा दिवसांपूर्वी एकदा डोळे उघडे राहिले होते, तेव्हा तांबडा धागा दिसला होता. बघणारीच नाही, तर बघायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाआधी, स्नेहलने त्यांना बाल्कनीत बसवलं. "खोल श्वास घ्या. धरा. पुन्हा एकदा. आता पोटातून खोका."

आतून खरवडून कफ वर आला. या वेळी आबांनी डोळे मिटले नाहीत. बाटली उजेडाकडे तिरपी केली. धागा होता.

"पंधरा दिसांमागं बी असाच दिसला व्हता," ते म्हणाले.

"आणि सांगितलं नाहीत?"

"कोनाला सांगू? इचारनारी गेली ना."

स्नेहलने झाकण घट्ट आवळलं. "मी विचारतेय की आता. आणि रंगावरून आजीलाही अर्धंच कळलं असतं, आबा. टीबी असेल, दुसरं काही असेल. तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. छातीचा एक्स-रेही आजच काढू. चपला घाला."

आबा भिंतीला धरून उठले.

"दुर्बिणीत बघशील तवा मलाबी बोलव," ते म्हणाले. "एकटी नको बघू."