हजार वॅटचा ठोकळा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणी 'वा!' म्हणावं असं माझ्या रूपात काही नाही. रंग काळा, आकार विटेसारखा, पाठीला जाळी आणि पोटातून निघालेल्या केबलींचा झुबका. मी एक जुना, एक हजार वॅटचा पॉवर सप्लाय आहे. कॉम्प्युटरच्या पेटीत तळाशी बसायचं, भिंतीतली वीज घ्यायची, तिचा जोर उतरवून ती बारा व्होल्टची करायची आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी वाढायची, हे माझं काम. ते मी अकरा वर्षं केलं आणि ताठ मानेनं केलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर बसवला, वीज साठवणारे अंगठ्याएवढे कपॅसिटर डाख देऊन जोडले, वर पंखा लावला. मग आम्हा चाळीस जणांना एका तापलेल्या खोलीत नेऊन प्रत्येकावर पूर्ण भार टाकला. आठ तास! माझ्या शेजारचे दोघे मध्येच गळाले. मी मात्र टिकलो. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा दमाचा आहे." तो माझा पहिला सत्कार.

मी ज्या घरी गेलो तिथे तीन माणसं होती. बाबा म्हणजे निवृत्त वायरमन. आई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची मुलगी इमारती बांधण्याआधी त्या कशा दिसतील याची चित्रं कॉम्प्युटरवर करायची. घरात तिला सगळे ताई म्हणत. आईंच्या हातांतलं बळ दोन वर्षांपासून कमी कमी होत चाललं होतं. आधी खडू निसटू लागला, मग चमचा. आजार दुर्मिळ होता, त्यावर औषध नव्हतं.

त्या आजारावर दूरची एक प्रयोगशाळा काम करत होती. कुठला रेणू शरीरातल्या बिघडलेल्या प्रथिनाला नीट चिकटेल हे त्यांना शोधायचं होतं. हिशेब इतका अवाढव्य होता, की त्यांनी त्याचे लाखो तुकडे केले आणि जगभरच्या लोकांना विनंती केली: तुमच्या घरचा कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा एकेक तुकडा सोडवा आणि उत्तर आम्हाला पाठवा.

"एकच गणित लाखो पोरांत वाटून दिलंय!" आई म्हणाल्या होत्या. "आणि कुणी कुणाचं बघून लिहीत नाही. असा वर्ग मला जन्मात मिळाला नाही."

असे हिशेब सगळ्यांत भराभर करतं ते ग्राफिक्स कार्ड. म्हणून ताईने हौसेने एक मोठं कार्ड आणलं, पण ते लावल्यावर कॉम्प्युटर दर थोड्या वेळाने धाडकन बंद पडू लागला. दुकानदार म्हणाला, कार्डच खराब आहे, परत आणा. ताईने ते खोक्यात भरलंही होतं. तेवढ्यात बाबा खोलीत आले. पुढचं बोलणं मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथे होतोच असं मला वाटतं.

"हे खातं किती?"

"साडेतीनशे वॅट. बाकीचं सगळं मिळून दीडशे. आपला सप्लाय पाचशेचा आहे बाबा, बरोबर पुरतो."

"बरोबर पुरतो म्हणजे पुरत नाही," बाबा म्हणाले. "साडेतीनशे ही त्याची रोजची भूक. धाप लागल्यावर किती घेतं ते बघितलंस? पाण्याचा पंप सुरू होताना कसा एकदम चौपट ओढतो आणि घरातले दिवे मिचमिचतात, तसंच हे."

ताईने शोधून पाहिलं. बाबांचं खरं होतं. ते कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं दुप्पट वीज ओढायचं. डोळ्याला दिसत नाही, पण सप्लायला तो झटका बसतो. बिचारा जुना सप्लाय त्याला घाबरून अंग टाकत होता. म्हणून मला आणलं.

बसवतानाही बापलेकीचं वाजलं. कार्डाला विजेची दोन तोंडं होती. ताई म्हणाली, एकाच केबलला दोन टोकं आहेत, तीच लावू, आत पसारा कमी दिसेल.

"एका दोरीला दोन बादल्या बांधून विहिरीत सोडशील का?" बाबांनी विचारलं. "दोन स्वतंत्र केबली घे. आणि टक् आवाज येईपर्यंत आत दाब. अर्धवट बसलेलं टोक तापतं."

तिने तसं केलं. बटण दाबलं. कार्डाने पहिला हिसका दिला आणि मी जागचा हललोही नाही! पहिला दिवस गेला, आठवडा गेला, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. सोडवलेल्या तुकड्यांचा आकडा पडद्यावर चढत राहिला. आई तो रोज सकाळी मोठ्यांदा वाचायच्या. येणारेजाणारे कार्डाचं कौतुक करायचे. त्याच्यावर रंगीत दिवे होते ना! पण आई माझ्या पाठीशी खुर्ची ओढून बसत आणि जाळीतून येणाऱ्या ऊबदार वाऱ्यावर बोटं धरत. "हा ठोकळा बरा शेकतो," त्या म्हणायच्या. तेव्हापासून माझं नाव ठोकळा पडलं. मला ते आवडतं.

चार वर्षं अशी गेली. मग प्रयोगशाळेने कळवलं, की शेवटचा टप्पा महिनाभरात संपवायचा आहे. आईंना आता पेलाही दोन्ही हातांनी धरावा लागत होता. ताईला घाई झाली. तिने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून दुसरं तसंच कार्ड मागून आणलं. माझ्याजवळच्या जाड केबली संपल्या होत्या. बाबा त्यांच्या थोरल्या भावाकडे गेले होते. तिने एका तोंडाला दुसरं तोंड बसवणारी एक स्वस्त जोडणी आणली आणि हार्ड डिस्कसाठी असलेल्या माझ्या बारीक केबलला ते कार्ड जोडलं.

मला कळत होतं, मित्रांनो. भार साडेआठशेच्या वर गेला, तो मी पेलला असता. पण ती बारीक तार हुळहुळायला लागली होती. शिवाय वर्षभर माझी जाळी कुणी पुसली नव्हती. धुळीची गोधडी पांघरून मी धापा टाकत होतो. बोलता आलं असतं तर ओरडलो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई कामावर होती. खोलीत आई एकट्याच होत्या. जोडणीचं प्लास्टिक वितळलं, आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या आणि सगळी वीज त्या एका ठिकाणी धावली. पेटीला लागून खिडकीचा पडदा होता, बाजूला कागदांचा ढीग. आईंना जळका वास आला. त्या उठल्या, प्लग ओढू लागल्या, पण बोटांत पकडच येईना. "अगं बाई, सुटत कसा नाही हा!" त्या एकसारख्या म्हणत होत्या.

पण प्लग ओढायची गरजच उरली नव्हती. तारा चिकटल्या त्याच क्षणी मी माझा दरवाजा बंद केला होता. एक थेंबही वीज पुढे सोडली नाही. ठिणगीची ज्वाळा होण्याआधीच अंधार. पातळ धुराची एक रेघ वर गेली आणि विरली. आईंनी शेवटी कोपराने भिंतीवरचं बटण दाबलं आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

संध्याकाळी ताई आली. तिने घाबरून आधी आईंना जवळ घेतलं. मग कॉम्प्युटर लावून पाहिला, तो लागेना. तिला रडू फुटलं. "शेवटच्या महिन्यात दगा दिला या ठोकळ्याने!" ती म्हणाली. तिने मला काढलं आणि माळ्यावर टाकलं. तिथे मी सहा दिवस पडून होतो. दुःख माळ्याचं नव्हतं. मला दगाबाज म्हटलं, ते लागलं.

बाबा परतले. त्यांनी ती वितळलेली जोडणी उलटसुलट करून पाहिली, वास घेतला. मग मला खाली काढलं, ब्रशने माझी जाळी स्वच्छ केली आणि कॉम्प्युटरशिवाय मला जागं करायला माझ्या टोकाला तारेचा बारका तुकडा लावून वीज दिली. माझा पंखा गरगरला.

"ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "ताई, याने दगा नाही दिला. ती जोडणी आत चिकटलेली होती, तोवर हा लागणारच नव्हता. हा थांबला म्हणून तुझी आई आज समोर बसली आहे."

ताई पुढे झाली. तिने तो तुकडा बाबांच्या हातून घेतला, पुन्हा एकदा लावला आणि माझा पंखा फिरताना बघत राहिली. मग तिने आपल्या ओढणीनेच माझी पाठ पुसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. बाबांना की मला, कोण जाणे. मी ते माझ्या वाट्याला घेतलं.

मला पुन्हा पेटीत बसवून दुसरं कार्ड तिने परत केलं. पहिल्याची भूकही तिने सेटिंग बदलून पाचवा हिस्सा कमी करून ठेवली. गंमत अशी, की त्याचा वेग जेमतेम तसूभर घटला! महिना भरायला दोन दिवस असताना आमच्या वाट्याचे सगळे तुकडे पूर्ण झाले.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. लाखो रेणूंमधून आता एकेचाळीस उरले होते. त्यांच्यावर खऱ्या चाचण्या सुरू होणार होत्या, आणि त्यांना कित्येक वर्षं लागणार होती. ताईचा चेहरा उतरला. आईंनी तिला पत्र पुन्हा वाचायला लावलं.

"माझ्या हातांना उशीर होईल, तो होऊ दे," त्या म्हणाल्या. "पण लाखांतून एकेचाळीस! अगं, इतकं मोठं गणित कुठल्या बाईच्या घरी सुटलंय?" आणि हसून त्यांनी आपले दोन्ही हात माझ्या जाळीशी नेले.

आता माझे कपॅसिटर थकले आहेत. घरच्या पेटीत नवा, दांडगा सप्लाय आला आहे. मित्रांनो, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी एवढंच सांगतो. भार मोजताना रोजच्या भुकेवर जाऊ नका, थोडी जागा राखा. केबल जाड आणि पुरती बसलेली असू द्या. आमची धूळ झाडा, पण आमचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आमच्या पोटात विजेचा चटका बराच वेळ शिल्लक असतो. आणि एखादा काम करता करता थांबला, तर त्याला बोल लावण्याआधी तो का थांबला ते विचारा.

मला बाबांनी वायरमन घडवणाऱ्या शाळेला दिलं आहे. दर वर्षी नवा वर्ग माझ्याभोवती जमतो. गाडीच्या पुढच्या, पंचावन्न वॅटच्या दिव्यांची रांग मला जोडतात आणि एकेक दिवा वाढवत जातात. दहा, बारा, पंधरा... मी अजूनही पेलतो. अठराव्या नाहीतर एकोणिसाव्या दिव्याला मी दरवाजा बंद करतो आणि सगळी रांग एकदम विझते. त्याच वेळी पोरंपोरी टाळ्या वाजवतात.