चौदा किलोंचा क्लच

वस्तू घेण्यापूर्वी चार वेळा विचार करणे हे विवेकी माणसाचे कर्तव्यच आहे. परंतु ज्या दिवसांसाठी ती वस्तू हवी, ते दिवसच विचारात सरून गेले, तर दोष कोणाला द्यावा? या प्रश्नावर मी पुष्कळ चिंतन केले. पण खरे सांगते, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. अंगाने लहान, पाठीमागे वर उघडणारे दार, आणि या इवल्याशा देहात एक दांडगे इंजिन. अशा गाडीला जाणकार लोक ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. कारखान्यात आम्हा बहिणींचे सांगाडे एकाच साच्यातून निघाले. इतरांना साधे इंजिन मिळाले, मला हे मिळाले. त्यात माझे पुण्य कोणते, हे मला तेव्हाही कळले नाही.

माझे पहिले धनी दंतवैद्य होते. इंजिन तापेपर्यंत ते मला हलक्या पायाने चालवीत, आणि तेल मुदतीच्या आधीच बदलीत. “काय पळते हो तुमची गाडी!” असे शेजारी म्हणत, तेव्हा माझा ऊर भरून येई. नवव्या वर्षी त्यांच्या घरी जुळी मुले जन्मली आणि बाळांचे सामान माझ्या पोटात मावेना. एके दुपारी त्यांनी माझ्या छतावर क्षणभर हात ठेवला, किल्ली एका विक्रेत्याला दिली आणि मागे न पाहता ते निघून गेले.

विक्रेत्याच्या आवारात मी धूळ खात उभी राहिले. बॅटरी उतरली, टायर बसले. तेथेच एका सोमवारी काटेवाले आले.

दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून अचूक करणे हा त्यांचा व्यवसाय, म्हणून सारे त्यांना काटेवाले म्हणत. जन्मभर त्यांनी काट्यांनी भरलेला टेम्पो हाकला होता. एकदा तरी स्वतः गिअर टाकीत वेगवान गाडी चालवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मात्र त्यांचा डावा गुडघा झिजत चालला होता. क्लच दाबायला हा पाय फार तर दोन वर्षे साथ देईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सोबत त्यांची थोरली बहीण होती. शिवणकाम करणारी, बोलायला फटकळ.

“ताई, नीट ठरवू दे गं,” काटेवाले म्हणाले. “ही जुनी आहे. पलीकडची लाल तीन वर्षांची. आणि सहा महिन्यांनी नवी येणारे. ती आली की या दोघी स्वस्त होतील.”

“आणि तुझा गुडघा? तो थांबणारे सहा महिने?”

काटेवाल्यांनी पिशवीतून एक छोटा दाबकाटा काढला, दारातूनच वाकून तो माझ्या क्लचवर टेकवला आणि हाताने दाबला. “चौदा किलो.” लाल गाडीचा अकरा भरला. दोन्ही आकडे वहीत गेले.

पुढे दर महिन्याला ते येत, आणि दर वेळी माझा क्लच नव्याने मोजत.

“चौदाच!”

“मग? महिन्याभरात बारीक होणारे का ती?” ताई म्हणत.

सहा महिन्यांनी नवी गाडी आली. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप बदलत! हाताने गिअर टाकायची हौस असलेले लोक क्लचच्या जुन्या गाड्या शोधू लागले. लाल गाडी दोन दिवसांत गेली, आणि विक्रेत्याने माझी किंमत चढवली.

“अहो, गेल्या महिन्यात तुम्हीच हिला खटारा म्हणालात!”

“साहेब, तेव्हा ती जुनी होती. आता दुर्मिळ आहे.”

मित्रांनो, मी तर जागची हललेही नव्हते. माझ्यात असे काय वाढले? काटेवालेही गोंधळून गेले. त्यांनी पुन्हा वही उघडली. “अजून चार महिने थांबलो, तर कदाचित...”

“अरे, सगळ्यांचे क्लच मोजलेस,” ताई म्हणाल्या. “स्वतःचा पाय कधी मोजलास?”

काटेवाल्यांनी वही मिटली. इतक्या खेपांत ते एकदाही माझ्यात बसले नव्हते. ते सावकाश आत आले आणि डाव्या पायाने क्लच दाबून सोडू लागले. कपाळावर घाम आला, तरी ते मोजत राहिले.

“चोवीस,” अखेर ते म्हणाले. “चोवीस वेळा झाला. मग पाय थरथरायला लागला.”

“चोवीसात कुठवर जाता येतं?”

“तळ्यापर्यंत. पण जातानाच.”

“मग येताना मी चालवीन. शिकते महिन्याभरात. चाळीस वर्षं पायानं मशीन मारतेय, तुझा हा चौदा किलोंचा क्लच मला जड आहे होय?”

त्याच दिवशी, चढलेल्या किमतीला, त्यांनी मला घेतले.

आता दर रविवारी सकाळी आम्ही तळ्याकडे जातो. जाताना काटेवाले गिअर टाकतात आणि लहान मुलासारखे हसतात. येताना ताई चालवतात. मला पुसतात, माझे तेल पाहतात. तरी शंका उरतेच. पहिल्याच सोमवारी त्यांनी मला नेले असते, तर तो पाय किती दूर गेला असता? आणि वाट पाहिली म्हणून लाभ झाला तो कोणाचा? मला सांगता येत नाही. एवढीच विनंती करते, की वस्तूची निगा राखा, आणि तिची किंमत विचारताना आपल्या हाती किती दिवस आहेत, तेही स्वतःला विचारा.

मागच्या रविवारी तळ्याच्या अलीकडच्या वळणावरच दोघांनी जागा बदलल्या. ताईंनी अलगद क्लच दाबला, आणि काटेवाल्यांनी शेजारून हात पुढे करून गिअर टाकला.

त्या भावंडांचा प्रवास सुखाचा होवो.