मॉनिटरची नखं

टॉवेलात गुंडाळलेल्या बोक्याचा पुढचा पाय बाहेर ओढून सुनेने बोटाची गादी दाबली, तसं आकड्यासारखं नख बाहेर आलं.

“नीट धरा, ताई.”

“धरलंय. तू काप एकदाचं. नाहीतर ती टोपली आहेच दारात.”

टोपली खरंच दारात होती, झाकणाची, दोरीसकट. नणंद येतानाच ती घेऊन आली होती, म्हणजे निकाल घरूनच ठरवून आणला होता. कुणाच्या तरी गोदामात उंदीर झालेत, तिथे बोका सोडायचा. का, तर मागच्या खेपेला आईच्या उजव्या हातावर ओरखडे दिसले. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. झटका आला तेव्हा सासूबाईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून अंघोळ, घास भरवणं, कूस बदलणं, चादरी धुणं, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. आणि ही बाई कधीतरी उगवणार, पंख्याखाली बसणार आणि उंटावरून शेळ्या हाकणार!

त्या घरात सासूबाईंना हसवणारा प्राणी एकच होता, आणि तो ना मुलगा, ना मुलगी, ना सून. दिवसभर बोका त्यांच्या मांडीवर पसरलेला असायचा आणि त्यांचा डावा हात त्याच्या पोटाखाली. मागे तो कुठे गच्चीवर अडकून पडला होता, तर सापडेपर्यंत त्यांनी घासाला तोंड उघडलं नव्हतं. कायमचा गेला तर काय होईल, याचा विचार करायचीही सुनेला भीती वाटत होती.

बोक्याचं मॉनिटर हे नावही त्यांनीच ठेवलेलं. जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी. सोमवारी सकाळी नखांची तपासणी. पोरांनी बाकावर पंजे पालथे ठेवायचे, बोटं पसरून, आणि वाढलेलं नख दिसलं की पट्टी. पोटच्या पोरीलाही सोडलं नव्हतं.

“आईने आयुष्यभर लोकांच्या पोरांची नखं बघितली,” नणंद म्हणाली, “आणि तिच्याच घरात हे जनावर मोकाट.”

“मोकाट कसलं? तुमच्या आईच्या मांडीवर असतं ते. तुम्ही बसलात कधी त्यांच्याजवळ इतका वेळ?”

“जीभ सांभाळ हं.”

“तुम्ही बोका सांभाळा. पाय सुटतोय.”

टोक तेवढंच कापायचं. आत गुलाबी शीर असते, तिला लागलं की रक्त येतं. राग डोक्यात नुसता फणफणत होता, तरी नेलकटर नखाशी आलं की सुनेचा हात आपोआप हलका होत होता. टक्. बोका नणंदेकडे मान वळवून फिस्कारला.

“बघ, बघ, कसा अंगावर येतो!”

“माणसं ओळखतो तो.”

खुर्चीतून सासूबाईंनी घशातून आवाज काढला. डावा हात उचलून त्यांनी नेलकटरकडे केला.

“बघितलंस? तिलाही नकोय तो,” नणंद म्हणाली.

“काहीतरीच बोलू नका. बोका मागतायत त्या. देते हं आई, झालंच.”

सासूबाईंनी पुन्हा आवाज केला. हात थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली आला.

शेवटचं, आतल्या बाजूचं नख कापून झालं आणि टॉवेल सैल होताच बोक्याने थेट कपाटाचा माथा गाठला. तिथे पाठ फिरवून तो पंजा चाटत बसला. सुनेने टॉवेल खुर्चीच्या हातावर टाकला.

“झालं. आता ओरखडेल कशाने? न्या ती टोपली परत.”

“नखं काय, परत वाढतात. मी त्याला घेऊनच जाणार.”

“हात तर लावून बघा!” सून ताडकन उठली आणि तिने टोपलीला अशी लाथ घातली की झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं. “मूत-घाण मी काढायची आणि हुकूम तुम्ही सोडायचे? कोण हो तुम्ही?”

नणंद तोंड उघडणार, तेवढ्यात खर्र खर्र असा आवाज आला.

सासूबाई डाव्या हाताने उजवा लुळा हात खाजवत होत्या. मांडी रिकामी होती, हात मोकळा होता. कोरड्या कातडीवर जुन्या ओरखड्यांशेजारी एक नवी लाल रेघ उमटली.

दोघी बघत राहिल्या. नखं पिवळी, जाड, बोटांच्या बरीच पुढे गेलेली होती. एक कडेला तुटून करवतीसारखं झालं होतं. उजवा हात असा पडलेला, तर डाव्याची नखं त्या कापणार कशा? डोक्याला तेल, टाचांना मलम, सगळं केलं होतं सुनेने. तिला वाटत होतं, सगळं.

“रोज अंघोळ घालतेस ना गं तू?” नणंदेने विचारलं, पण आवाजातली धार गेली होती.

“आणि तुम्ही आल्याबरोबर तोच डावा हात हातात घेऊन रडलात.”

सासूबाईंनी आधी मुलीकडे बघितलं, मग सुनेकडे. त्या डोळ्यांत राग होता, वर्गाच्या दारात उभं राहून सगळा वर्ग गप्प करणारा. मग खुर्चीच्या हातावरचा, बोक्याच्या केसांनी भरलेला टॉवेल त्यांनी खेचून मांडीवर घेतला आणि त्यावर आपला डावा पंजा पालथा ठेवला, बोटं पसरून.